सोसायटीत वर्षभर ‘जगावेगळे दिवस’ साजरे करायचेत, नाशिकच्या हवेत काय जमेल?

इंदिरानगरकर

आमच्या सोसायटीत ८ ते १५ वयाची चाळीसेक मुलं आहेत. गणपती, कोजागरी, २६ जानेवारी हे होतंच. यंदा पालकांच्या ग्रुपवर ठरलंय की जगभरातले जरा वेगळे दिवस घ्यायचे, वर्षाला पाच-सहा. भाषण, पोस्टर आणि केक असा प्रकार नको. मुलांच्या हाताला काम हवं आणि एका दिवसाचा खर्च दोन हजारांच्या आत बसावा.

सध्याची यादी: पाय दिवस (गणितातला π, १४ मार्च), चिमणी दिन (२० मार्च), नवरोझ (इराणी नववर्ष), शून्य सावली दिवस, स्पेनची टोमॅटोची लढाई, मेक्सिकोचा मृतांचा दिवस.

विचारायचंय ते असं. तारखा जशाच्या तशा पाळाव्या लागतात, की रविवारी सरकवल्या तर चालतं? शून्य सावलीला मुंबई-पुण्याच्या वेगवेगळ्या तारखा दिसतात, मग नाशिकची कोणती? टोमॅटोवरून तर दोन तट पडलेत. पिंपळगावचा टोमॅटो बाजार जवळ आहे, क्रेट स्वस्तात मिळतील असं एका तटाचं म्हणणं. जागा म्हणाल तर मोकळी गच्ची, मागचं पार्किंग आणि एक जुना कडुलिंब.

ओळंबा

शून्य सावलीपासून सुरुवात करतो, कारण तारखेच्या बाबतीत सगळ्यात हट्टी दिवस हाच. सूर्याची क्रांती (म्हणजे तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते) आणि गावाचा अक्षांश जुळला की भर मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो. नाशिकचा अक्षांश जवळजवळ नेमका २० अंश उत्तर, म्हणून आपल्याकडे २० मेच्या सुमारास आणि परत २३ जुलैच्या सुमारास. मुंबईत मे महिन्यातला दिवस साधारण चार दिवस आधी येतो, पुण्यात आठवडाभर आधी, मालेगावात दोन-तीन दिवस नंतर. जुलैत हा क्रम उलटा. जुलैचा दिवस मात्र विसराच, तेव्हा नाशिकला ढग नसतील तर नवल.

वेळ बारा नव्हे. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि नाशिक ७३.८ वर आहे, त्यामुळे सूर्य सुमारे ३५ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. मेमध्ये तो घड्याळापेक्षा साडेतीन मिनिटं पुढे असतो, ती वजा करा. २० मेला दुपारचे १२ वाजून ३१ मिनिटं.

साहित्य: ३० सेंटिमीटर लांबीची, वरपासून खालपर्यंत सारख्याच जाडीची काठी किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा, पांढरा पुठ्ठा, ओळंबा, स्पिरिट लेव्हल, पेन्सिल. बुडाशी रुंद असलेली बाटली घेऊ नका, तिच्या बुडातच सावली लपते आणि ‘शून्य’ खोटं ठरतं. गच्चीला पाण्यासाठी उतार दिलेला असतो हे बहुतेक लोक विसरतात. फळी १ अंश कलली तर ३० सेंटिमीटरच्या काठीला ५ मिलिमीटर सावली उरते आणि मुलं म्हणतात, तारीखच चुकली. फळीखाली पुठ्ठ्याच्या पाचरी घालून आधी तिला समपातळीत आणा, मग काठी दोन बाजूंनी ओळंब्याला लावून बघा.

१२ वाजून १० मिनिटांपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा आपोआप मिळते. नेमक्या क्षणाच्या चार मिनिटं आधी आणि नंतर सावली साधारण ५ मिलिमीटरची असते, म्हणजे बघण्यासारखा वेळ जेमतेम तीन-चार मिनिटं. पाइप वापरलात तर त्या वेळी उजेड आरपार उतरतो आणि बुडाशी गोल कवडसा पडतो. छोट्यांना हेच जास्त आवडतं. वर कुणालाही बघू देऊ नका. मेचं ऊन आहे, एका वेळी दहा मुलं उन्हात, बाकीची जिन्याच्या सावलीत.

रविवारचं म्हणाल तर क्रांती त्या दिवसांत रोज सुमारे ०.२ अंशाने बदलते, म्हणजे या काठीला दिवसाला १ मिलिमीटर. दोन दिवस पुढे-मागे खुशाल करा, काठीच्या जाडीतच जिरतं. आठवडाभर सरकवलंत तर ७ मिलिमीटर दिसेल.

हवाईत याच घटनेला ‘लहायना नून’ म्हणतात. होनोलुलूत इसामु नोगुची यांचं ‘स्काय गेट’ नावाचं वाकडंतिकडं शिल्प आहे, त्याची सावली त्या क्षणी अचूक वर्तुळ होते. जाड तारेचं तसं कडं वाकवून बघा: वरून गोल, बाजूने हवं तसं वरखाली. मोठ्या मुलांना तासभर पुरेल. शिवाय २० मे हा जागतिक मापनशास्त्र दिवसही आहे (१८७५ साली याच तारखेला मीटरचा करार झाला), तेव्हा मोजपट्टी घेऊन बसायला याहून चांगला मुहूर्त नाही.

चिमणचारा

चिमणी दिन यादीत आहे हे छान, हा तर आपल्या गावचाच. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने तो सुरू केला, २०१० पासून जगभर पाळला जातो. पण बहुतेक सोसायट्या २० मार्चला घरटी वाटतात आणि पुढे महिनाभर एकही चिमणी फिरकत नाही. चिमण्यांनी जागा त्याआधीच धरलेल्या असतात. पेट्या डिसेंबर-जानेवारीत बनवून टांगा आणि २० मार्चला मोजणी ठेवा: कोणत्या पेटीत काडी गेली, नर किती, मादी किती.

पेटीची मापं: १२ मिलिमीटरचा प्लाय किंवा जुन्या खोक्याची फळी. आतला तळ १२ बाय १२ सेंटिमीटर, उंची २२ ते २५. भोक ३२ मिलिमीटर, तळापासून १५ सेंटिमीटर वर. सुताराला ‘साधारण दीड इंच’ सांगू नका, ३२चा होल-सॉ लावायला सांगा. भोक मोठं झालं की साळुंकी शिरते आणि चिमणीला हाकलते. भोकाखाली बसायला दांडी ठोकायची हौस असते, ती नको. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याची मात्र सोय होते. तळाला ५ मिलिमीटरची चार भोकं पाणी निघायला, छप्पर पुढे ४-५ सेंटिमीटर बाहेर. आतून रंग किंवा व्हार्निश अजिबात नाही. एक बाजू स्क्रूवर ठेवा, हंगाम संपल्यावर उघडून जुनं गवत काढता आलं पाहिजे.

टांगायची जमिनीपासून अडीच ते चार मीटरवर, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. पश्चिमेला नको: उन्हाळ्यात दुपारचं ऊन आणि पुढे पावसाचा मारा, दोन्ही त्याच बाजूने. तुमच्या कडुलिंबापेक्षा पार्किंगची भिंत बरी. फांदीवर मांजर चढतं आणि पेटी हलते. चिमण्यांना शेजार चालतो, तेव्हा एकाच भिंतीवर तीन-चार पेट्या लावल्या तरी हरकत नाही.

आणखी एक. बाजरी, कणी टाकणं ठीक, पण पिलांना अळ्या-किडे लागतात. आवारात दर आठवड्याला कीटकनाशक फवारत असाल तर आधी ते थांबवा, नाहीतर पेट्या लावून उपयोग नाही. आणि खोक्याच्या पुठ्ठ्याची घरटी फोटोपुरती, पहिल्या पावसात लोळागोळा होतात.

बावीस_सप्तमांश

पाय दिवस १४ मार्चला घेऊ नका. ती तारीख अमेरिकेच्या पद्धतीने, महिना आधी लिहून (३/१४) ३.१४ शी जुळते. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियममध्ये लॅरी शॉ यांनी १९८८ साली तो सुरू केला. २०२० पासून युनेस्कोचा गणित दिवसही त्याच तारखेला असतो, पण आपल्याकडे तेव्हा दहावीची परीक्षा चालू असते. आपण दिवस आधी लिहितो, म्हणून २२ जुलै घ्या: २२/७. शाळा सुरू झालेल्या असतात, पाऊस असल्याने मुलं घरातच असतात. आणि गंमत म्हणजे २२/७ हे ३.१४ पेक्षा पायच्या थोडं जास्त जवळ आहे.

ताटाला दोरा गुंडाळून मोजायचा प्रयोग फसतो. ताटाची कड पसरट असते, दोरा घसरतो आणि ताणला तर लांबतो. सायकलचं चाक घ्या, हवा टच्च भरा. टायरवर खडूची खूण करून पार्किंगमध्ये सरळ रेषेत पाच फेरे फिरवा. २६ इंची चाकाला १० मीटरच्या थोडं वर अंतर मिळेल. त्याला पाचने भागा, मग व्यासाने. व्यास मोजताना आसाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर दुप्पट करा, नुसती टेप आडवी धरली की हब मध्ये येतो. व्यासात ३ मिलिमीटर चुकलं तरी उत्तर ३.१२ ते ३.१६च्या आत राहील.

मोठ्यांसाठी बफनच्या सुया: काडीच्या लांबीइतक्या अंतरावर समांतर रेषा आखा, काड्या उंचावरून टाका, एकूण काड्यांची दुप्पट भागिले रेषेला छेदणाऱ्या काड्या, म्हणजे साधारण पाय. ५०० काड्यांनंतरही उत्तर ०.१ने इकडेतिकडे होणारच, हे आधीच सांगा. नाहीतर कुणीतरी हळूच काड्या सरकवतं.

पिंपळपार

टोमॅटो: नको, आणि कारण फक्त चिखलाचं नाही. स्पेनच्या बुनयोल गावची ही लढाई, ला तोमातिना, ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी असते, १९४५च्या एका भांडणातून सुरू झालेली. तिथे २०१३ पासून तिकीट लागतं, त्या वर्षी वीस हजारांची मर्यादा घातली. टोमॅटो फेकण्याआधी हातात चिरडावाच लागतो, तासाभराने दुसरा बार वाजला की एकही फेकायचा नाही. नंतर बंबाने रस्ते धुतात. तुमच्या पार्किंगच्या जाळीत साल आणि बी अडकून तुंबेल ते वेगळंच. कर्नाटकात २०११ साली असा कार्यक्रम ठरला होता, सरकारने तो होऊ दिला नाही. आणि भाव पडला की शेतकरी रस्त्यावर क्रेट ओततात तो जिल्हा आपला. इथे मजेसाठी टोमॅटो तुडवणं मला तरी पटत नाही. रंगात उड्याच मारायच्या असतील तर रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी (रंगाचे हौद) उघडतात, मोठ्या मुलांना तिथला धप्पा, म्हणजे हौदातली उडी, दाखवा.

मृतांचा दिवस १ आणि २ नोव्हेंबरला, पहिला लहान मुलांसाठी, दुसरा मोठ्यांसाठी. हॅलोवीनशी गल्लत करू नका, भुताचे मुखवटे वगैरे नकोत. पायऱ्यांची मांडणी, त्यावर गेलेल्यांचे फोटो, पाण्याचा पेला, मीठ, मेणबत्त्या, त्यांच्या आवडीचा पदार्थ आणि दारापासून मांडणीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट. आपला दसऱ्याचा झेंडूही मुळात मेक्सिकोचाच. हाताला काम म्हणजे कागदी जाळीच्या पताका: पतंगाचे पाच-सहा कागद एकावर एक, कोपऱ्यांना स्टेपल, वर ३ सेंटिमीटर पट्टी दोऱ्यासाठी सोडून घड्या घाला आणि घडीच्या कडेने कापा. दोन छेदांमध्ये १ सेंटिमीटर तरी कागद ठेवा, नाहीतर उलगडताना फाटतो. रात्रभर बाहेर राहिल्या तर दवाने रंग भिंतीवर उतरतो.

इंदिरानगरकर

सगळ्यांचे आभार. टोमॅटो बाद, पाय दिवस जुलैत. ओळंबा, तुम्ही सांगितलेले पाइप आणि तारेचं कडं दोन्ही करणार. नवरोझबद्दल कुणी सांगेल का? २० आणि २१ मार्च अशा दोन्ही तारखा दिसतात, आणि ऑगस्टमध्येही एक नवरोझ असतो ना?

केसरबाग

ऑगस्टमधला पारशी शहेनशाही पंचांगाचा. त्यात लीप वर्ष नाही, म्हणून तो सरकत सरकत तिथे गेला. मार्चचा वसंतसंपाताचा. सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो क्षण दरवर्षी पावणेसहा तासांनी पुढे जातो आणि लीप वर्षात मागे येतो, त्यामुळे कधी २०, कधी २१. चिमण्यांची मोजणी सकाळी आणि हे संध्याकाळी, एकाच दिवशी उरकेल.

इराणी पद्धतीने सात वस्तू मांडतात: अंकुरलेले गहू, लसूण, सफरचंद, व्हिनेगर, सुमाक नावाचा आंबट मसाला, सेंजेद नावाचं सुकं फळ आणि समनू, म्हणजे गव्हाच्या अंकुरांचा गोड लगदा. सुमाक आणि सेंजेद नाशकात शोधत बसू नका. नाणी आणि हायसिंथचं फूल इराणी घरांतही चालतं, तेव्हा नाणी ठेवा.

मुलांचं खरं काम म्हणजे गहू. दहा दिवस आधी पाव किलो गहू एक रात्र भिजवा, फडक्यात बांधून दिवसभर ठेवा, पांढरं टोक दिसलं की ताटात एका दाण्याच्या जाडीचा थर पसरा. वर ओलं फडकं, कोंब सेंटिमीटरभर झाले की काढून टाका. नवरात्रात घट बसवणाऱ्या घरांना हे नवं नाही, फक्त इथे माती नसते, त्यामुळे चूक लगेच दिसते. थर जाड झाला किंवा ताटात पाणी साचलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबूस वास आणि बुरशी. पाणी ओतू नका, सकाळ-संध्याकाळ शिंपडा आणि ताट तिरकं धरून जास्तीचं काढा. मार्चच्या उन्हात गच्चीवर ठेवलं तर दुपारपर्यंत वाळतं, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवा. बोटभर उंच झालं की मधोमध लाल रिबीन बांधायची.

तेराव्या दिवशी इराणात ते वाहत्या पाण्यात सोडतात. तुम्ही ते गोदेत टाकू नका, कुणाच्या गोठ्यात द्या.