चित्रांनी वाचन येत नाही

गुढी, दिंडी, अहिल्याबाई यांची चित्रं भिंतीवर लावली की वर्ग मुलांच्या संस्कृतीशी जोडला जातो, असं म्हटलं जातं, पण ते मला पटत नाही. मुलांच्या संस्कृतीशी जोडून शिकवण्याची कल्पना मांडणाऱ्या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये तीन कसोट्या दिल्या: मुलांचं शैक्षणिक यश, स्वतःच्या संस्कृतीची पक्की जाण आणि विषमतेकडे चिकित्सक नजर. पहिली कसोटी यशाची आहे, आणि पहिलीच्या वर्गात यश म्हणजे मूल वाचू लागणं.

इंदूरच्या हिंदी माध्यमात मराठी घरातलं मूल असेल, तर त्याच्याच तोंडचं तीन-चार शब्दांचं वाक्य घ्या. 'आईने पोळी केली.' ते जसंच्या तसं ठळक लिहा, बोट ठेवून दोन-तीनदा एकत्र वाचा, मग शब्दांच्या पट्ट्या कापून विस्कटा आणि त्याला पुन्हा लावू द्या. दुसऱ्या दिवशी एकाच शब्दाची अक्षरं सुटी करा. बिघडतं ते बाई 'मम्मी ने रोटी बनाई' असं सुधारून लिहितात तेव्हा. मूल 'आईने' म्हणतं आणि पट्टीवर भलतंच असतं, त्यामुळे बोट आणि आवाज जुळत नाहीत. शिवाय हिंदीत 'ने' सुटा, मराठीत नामाला जोडून. म्हणजे पट्ट्यांची संख्याही बदलते. ही तुलना वर्गात मोठ्याने जरूर करा, दोन्ही भाषांना फायदा होतो. आणि 'ळ'! हिंदी वर्णमालेच्या तक्त्यात तो बहुधा नसतोच. तो हाताने लिहून चिकटवा, नाहीतर 'पोळी'ची 'पोली' होते आणि चूक मुलाच्या नावावर लागते.