मदत हवी आहे : फोबिया घालवायची पायरीपायरीची पद्धत घरी कशी करतात?

राजारामपुरीकर : धाकट्या बहिणीचं पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे, त्याआधी तिची भीती घालवायची आहे. भीतीच्या गोष्टीजवळ हळूहळू नेतात, त्यावर बरंच संशोधन झालंय असं वाचलं. घरी कसं करायचं एवढंच सांगा. 'मन घट्ट कर' हा सल्ला नको, तो सगळ्यांनी देऊन झालाय.

तांबडा_रस्सा : भीती कशाची ते लिहिलंच नाहीस भावा. भूल? ऑपरेशन?

शाहूपुरीची_लेक : ही जोसेफ वोल्पेंची पद्धत, १९५८ च्या सुमाराची. आधी अंग सैल सोडायला शिकायचं, मग कमी भीतीपासून जास्तीपर्यंत यादी करून एकेक प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा. त्याआधी १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटरवर प्रयोग केला होता. तो खात बसला की ससा दर वेळी थोडा जवळ आणायचा. शेवटी पोरगं सशाला कुरवाळायला लागलं. एम.ए.ला हे वाचलं तेव्हापासून माझा यावर विश्वास आहे. बहिणीला रोज शिथिलीकरण करायला लावा.

पंचगंगाकाठ : एवढा घोळ कशाला? आम्हाला आजोबांनी कमरेला दोर बांधून विहिरीत ढकललं, पोहायला आलं. एकदा जबरदस्तीनं करा, भीती जाते.

शाहूपुरीची_लेक : काका, तुम्हाला आलं. माझा चुलतभाऊ तसाच ढकललेला, आजही गुडघाभर पाण्यात उतरत नाही. पुढची पायरी कधी चढायची ते पेशंटनंच ठरवायचं असतं.

रंकाळा_वेस : विहिरी राहिल्यात कुठं आता? निम्म्या बुजवल्या. रंकाळ्यात तर जलपर्णी.

राजारामपुरीकर : विहीर सोडा हो! सुईची भीती आहे. रक्त तपासायला न्यायचं म्हटलं तरी रडते.

सिस्टर_कसबा_बावडा : नुसती रडते, की चक्कर येऊन पडते?

राजारामपुरीकर : पडते. मागे लॅबमध्ये खुर्चीवरून खाली आली, भुवईला टाके पडले. त्यानं काय फरक पडतो?

सिस्टर_कसबा_बावडा : लई फरक पडतो, दादा. कुत्रं, लिफ्ट, उंची यांच्या भीतीत बीपी वाढतं. रक्त आणि सुईच्या भीतीत बऱ्याच जणांचं आधी वाढतं आणि मग धाडकन पडतं, म्हणून चक्कर. अशा पेशंटला अंग सैल सोड म्हणणं उलटं. स्वीडनचे लार्स-ग्योरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात यावर वेगळी पद्धत बसवली. दंड, पोट, मांड्या १०-१५ सेकंद आवळून धरायच्या, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग पूर्ण ढिलं न पडता नेहमीसारखं बसायचं, २०-३० सेकंद. असं पाच वेळा. श्वास कोंडायचा नाही.

शाहूपुरीची_लेक : ओस्ट बरोबर, पण पायऱ्या लागतातच. आधी सिरिंजचा फोटो, मग बिनसुईची सिरिंज हातात, मग लॅबमध्ये नुसतं बसून दुसऱ्याचं रक्त काढताना बघायचं. प्रत्येक पायरीवर हे आवळणं करायचं.

उचगाव_फाटा : माझा मुलगा कुत्र्याला घाबरतो, त्याला रेबीजची लस आधीच देऊन ठेवावी का?

तांबडा_रस्सा : दादा, वेगळा धागा काढा की.

राजारामपुरीकर : सिस्टर, सगळं अंग आवळलं तर शीर कशी सापडणार?

सिस्टर_कसबा_बावडा : सुई टोचायचा हात सैल ठेवायचा, बाकीचं अंग आवळायचं. घरीच सराव करा, एक हात उशीवर ढिला टाकून. आणि लॅबमध्ये पाय ठेवताच सांगा, 'हिला चक्कर येते, झोपवून रक्त घ्या.' आम्हाला अजिबात राग येत नाही, उलट बरं वाटतं. ऑपरेशन कसलं आहे? हृदयाचा, बीपीचा त्रास असेल किंवा पोटाचं ऑपरेशन असेल तर आवळण्याआधी सर्जनला विचारा.

राजारामपुरीकर : हर्नियाचं आहे.

सिस्टर_कसबा_बावडा : मग हे पहिल्यांदा लिहायचं होतं! पोट आवळू देऊ नका. उद्याच सर्जनला फोन करा, हातपाय तेवढे चालतील का विचारा. सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागातही दाखवता येईल. निघायच्या आधी काही विचारायचं असलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात.