उपासमारीने खंगलेला घोडा: काय, किती खायला द्यावं आणि पुढे कुणाला द्यावा?

कासारवडवलीकर:
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडलगतच्या प्लॉटवर बांधलेला वरातीचा घोडा मालकाने लिहून देऊन सोडला आहे. वजन अंदाजे 300 किलो. बरगड्या मोजता येतात, पुठ्ठ्याची हाडं वर आलीत, खूर वाढून पुढे वळलेत. उभा राहतो, खायला मागतो. सोसायटीतले भिजवलेले चणे-गूळ द्यायला निघालेत. देऊ का? आणि पुढे चांगल्या हाती कसा सोपवायचा?

पागावाला:
चणे, गूळ, कोंडा, काहीच नको. फार दिवस उपाशी असलेल्या घोड्याला पिठूळ-गोड मिळालं की इन्सुलिन एकदम वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. मग तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास, चांगला खात असतानाच, हृदय बंद पडून घोडा जातो. लोक मायेने तोबरा भरतात आणि घात होतो.

फक्त सुकी लसूणघास द्या. 450 किलोच्या घोड्याला दर चार तासांनी अर्धा किलो धरतात; तुमच्या घोड्याला 300 ते 350 ग्रॅम, रात्रीसुद्धा, आणि तराजूवर तोलून. तीन दिवसांनी वेळा कमी करत घास वाढवा, सहाव्या दिवशी दर आठ तासांनी सव्वा किलोपर्यंत. दहा दिवसांनंतर दोन वेळा पोटभर. पाणी कायम समोर. धान्याचं नाव अंगावर मांस धरल्यावरच काढा. इथे सहज मिळणाऱ्या पॅरा गवतावर कायमचा ठेवू नका, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही.

जंताचं औषध पहिल्याच दिवशी नको, ते कधी द्यायचं हे डॉक्टरांना ठरवू द्या. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं आणि सर्रासाठी (चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणारा रक्तातल्या परजीवीचा रोग) रक्त तपासण्याचं मात्र लगेच विचारा.

नालबंद, पनवेल:
खूर एका बैठकीत सरळ करू नका. तळवा सोलवटतो, पायाच्या शिरांवर ताण येतो. दर चार-सहा आठवड्यांनी थोडं थोडं. पावसाळ्यात खुराच्या तळाचा मऊ त्रिकोणी भाग काळा पडून घाण वास मारू लागला तर तो सडतोय असं समजा. रोज खूर खरवडा आणि उभं राहायला मुरमाची कोरडी जागा करा.

ठाणे पूर्व:
ग्लँडर्स या घोड्यांच्या जिवाणूजन्य साथरोगाची रक्ततपासणी झाल्याशिवाय दुसऱ्या घोड्यांत नेऊ नका. माणसालाही होतो. बादली, खरारा वेगळे ठेवा.

पोलीस केस असेल तर घोडा मुद्देमाल ठरतो, कोर्टाच्या आदेशाशिवाय कुणाला कायमचा देता येत नाही. तुमच्याकडे मालकाचं लेखी आहे, ते जपा. वजन भरायला तीन ते दहा महिने लागतात, तोवर देऊ नका. करारात लिहा: वरात नाही, विक्री नाही, नको झाला तर तुमच्याकडेच परत. जिथे आधीच एखादा घोडा आहे ते घर बघा, एकटा घोडा झुरतो.

कासारवडवलीकर:
आभार. रात्री दोनचा घास चुकला तर सकाळी दुप्पट?

पागावाला:
मुळीच नाही. आठवेल तेव्हा एकच घास, आणि पुढचा त्यानंतर चार तासांनी.