मानेच्या दुखण्याची प्रश्नावली वऱ्हाडी बायांसाठी कशी बसवावी?

दारव्ह्याची फिजिओ:
कापूस वेचणी सुरू झाली की माझ्याकडे मान धरलेल्या बायांची रीघ लागते. उपचाराने फरक किती पडला, हे मोजायला नेक डिसॲबिलिटी इंडेक्स ही इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणून वापरायची आहे; मानदुखीने रोजच्या कामात किती अडचण येते, ते ती विचारते. 10 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 5 गुण, एकूण 50. तो 1991 पासून वापरात आहे. ग्रीक भाषांतराचा 2008 चा अभ्यास वाचला. क्रेट बेटावरच्या 65 रुग्णांवर तपासलेला. म्हटलं, तिकडे जमलं तर इथेही जमेल.

पण उचलण्याच्या प्रश्नातच अडले. "जमिनीवरून जड वस्तू उचलता येत नाही, पण टेबलासारख्या सोयीच्या जागी असेल तर जमते," असा एक पर्याय आहे. काल एका काकूंना वाचून दाखवला. थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "वावरात टेबल कुठचा, बाई? उचलून देनारं असलं त भारा नेतो मी." बोलता बोलता चुंबळ बसवायचा हात डोक्याकडे नेला आणि अर्ध्यातच थांबवला. मला त्या हाताचं उत्तर हवं आहे, ते कागदावर कसं आणू? 'टेबला'च्या जागी 'उचलून देणारं कोणी असेल तर' लिहू का?

शिवाय गाडी चालवण्याचा प्रश्न आहे, आणि यातल्या कितीतरी जणींनी कधी स्कूटीही धरलेली नाही. तिथे एसटीचा प्रवास टाकू का?

वर्ध्याचा जुना विद्यार्थी:
ताई, टेबल हे नुसतं उदाहरण आहे, ते बदला. पण 'उचलून देणारं' नको. मूळ पर्यायात वस्तू उंचावर आहे, उचलणारी तीच आहे. तुमच्या वाक्यात दुसऱ्याचा हात आला, म्हणजे मोजमापच बदललं. 'ओट्यावर ठेवलेला भारा' म्हणा.

एसटीही नको. गाडी चालवताना मान वळवून मागे बघावं लागतं, सीटवर बसून जाण्यात ते नाही. तो प्रश्न रिकामा सोडा आणि उरलेल्या 45 पैकी टक्केवारी काढा. 18 गुण आले तर 40 टक्के. आणि वापराआधी मूळ हक्कदारांची परवानगी घ्या, हे बरेच जण विसरतात.

आशाताई, भंडारा जिल्हा:
मला वेगळीच काळजी वाटते. 'बऱ्यापैकी तीव्र' आणि 'खूप तीव्र' असे दोन पर्याय वाचले तर आमच्या बाया दोन्हीला 'लय दुखते' म्हणतील. आणि कागद आपण वाचून दाखवणार असलो तर सहाही पर्याय ऐकेपर्यंत पहिला विसरतो.

दारव्ह्याची फिजिओ:
ताई, अगदी तेच झालं! मूळ न पाहिलेल्या एका शिक्षिकेकडून माझ्या मराठीचं उलट इंग्रजी करून घेतलं, तर ते दोन पर्याय एकाच शब्दात परत आले. आता 'बरंच दुखते, पण सहन होते' आणि 'सहनच होत नाही' असं करून बघते. पुन्हा उलट भाषांतर दुसऱ्या माणसाकडून.

ओट्याचं पटलं, दादा. मी घाईत दुसऱ्याचा हात घुसवत होते. आता 30 ते 40 जणींना वाचून दाखवून प्रत्येकीला विचारणार, 'तुम्हाले यातून काय समजलं?' पहिल्या त्याच काकू. शनिवारी बाजाराला आल्या की येतो म्हणाल्या आहेत.