मदत हवी आहे: कॉयर कंडक्टर व्हायचं तर शिकायचं कुठे?

नमस्कार मंडळी. माझी भाची बारावीत आहे, डोंबिवलीला. आवाज आल्टोचा (म्हणजे बायकांचा खालच्या पट्टीतला), पियानोच्या पाच ग्रेड झाल्यात. आता तिला कॉयर कंडक्टर व्हायचंय, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीने समूहगान करणाऱ्या गायकवृंदाला समोर उभं राहून हातांच्या खुणांनी गाववून घेणारी. आरशासमोर उभी राहून खराट्याच्या काडीने मात्रा दाखवते, डाव्या हाताने 'हळू, हळू'! ताईच्या मते हे नुसतं खूळ. पण मुंबईत व्हिक्टर परंज्योतींनी 1956 साली सुरू केलेला कॉयर पुढे कूमी वाडियांनी कित्येक वर्षं चालवलाच की. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवतात, पण कंडक्टिंग म्हणून वेगळं शिकवणारं मुंबई-पुण्यात कुणी आहे का? आणि पोट कशावर भरतं, शाळेतल्या नोकरीवर की शिकवण्यांवर? या क्षेत्रातल्या कुणी खरंखरं सांगा, उत्तरं ताईला दाखवणार आहे.