कुत्र्यांचं शेण-लेंड्या खाणं: तुमचे अनुभव

आज सकाळी तळजाईच्या टेकडीवर एक लॅब्रॅडॉर शेळ्यांच्या लेंड्या फुटाण्यासारख्या वेचून खात होता आणि मालक मागून "सोड, सोड!" ओरडत होते. आमची शेरी आठवली. आम्ही पाषाणला असताना धनगरांचा कळप रस्त्याने गेला की ही त्याच्या मागावर. घरी यायची ती दाढांना हिरवट लगदा चिकटलेला, आणि तशीच आजीचं तोंड चाटायला जायची. तेव्हा कुणी बोललं नाही, आता काळजी वाटते. तुमच्याकडे काय?

--
आमच्याकडे मांजराच्या वाळूचा ट्रे! झाकण पंज्याने उघडतो. आता ट्रे बाल्कनीत, दाराला साखळी, मांजर जाईल एवढीच फट.

--
शेण-लेंड्यांपेक्षा दुसऱ्या कुत्र्याच्या शीला जास्त भ्या. पार्व्हो हा पिल्लांचा जीव घेणारा विषाणू त्यातून पसरतो आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो. लसी पूर्ण झाल्याशिवाय पिल्लाला टेकडीवर खाली सोडू नका. आमचं गेलं त्यात. जास्त लिहवत नाही.

--
अरेरे :(

--
कॉली जातीचं कुत्रं असेल तर घोड्याची लीद अजिबात नको. घोड्यांना जंतांसाठी आयव्हरमेक्टिन देतात, ते लिदीतून बाहेर पडतं. बऱ्याच कॉलींच्या एमडीआर१ जनुकात दोष असतो, त्यांच्या मेंदूत ते शिरतं. आमची मुळशीच्या फार्महाउसवर रात्री झोकांड्या खायला लागली, तोंडातून लाळेची तार. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "जवळ घोडे आहेत का?" सलाईन लावून वाचली.

--
कुठलं फार्महाउस? कुत्री चालतात का? दिवाळीत जायचंय.

--
मोती स्वतःचीच शी खायचा. सगळे म्हणायचे सवय आहे. पण भरपूर खाऊनही बरगड्या दिसायला लागल्या. तपासण्या केल्या तर स्वादुपिंडातून पाचकरसच पुरेसा येत नव्हता. आता जेवणात एन्झाइमची पूड कालवतो, अंग धरलंय. कुत्रं वाळत असेल तर सवय म्हणून सोडून देऊ नका, प्लीज.

--
जेवणात अननस घातला की बंद होतं म्हणतात?

--
आमच्याकडे नाही झालं. "सोड" म्हटल्यावर सोडलं की उकडलेल्या चिकनचा तुकडा, याने झालं. शिवाय जंतांचं औषध दर ३ महिन्यांनी, मधूनमधून शीची तपासणी. घरात रांगतं बाळ आहे, गोलकृमीची अंडी त्याच्या पोटात गेली तर डोळ्यापर्यंत त्रास जाऊ शकतो. कुकर झाला, येते.

--
@दिवाळी: चालतात, पण तबेला लागूनच आहे. पट्टा सोडू नका.