स्पोर्टी कूपे: एक पावणेतेरा क्विंटलची, दुसरी पावणेअठराची. हे वजन येतं कुठून?

बेंबळा_काठ (धागाकर्ता)

नागपूरचा भाचा दिवाळीत त्याची फोर्ड मस्टँग घेऊन कारंज्याला आला होता, पाच लिटर व्ही-एटवाली (आठ सिलेंडरचं इंजिन). दुपारी जिनिंगचा काटा रिकामा होता, मालक ओळखीचे, म्हणून गाडी काट्यावर चढवली. भाचा आत बसलेला असताना आकडा आला १८५० च्या आसपास. भाच्याला वजा केलं तरी पावणेअठरा क्विंटल. दोन दारांची गाडी, म्हणजे कूपे, इतकी जड कशी, यावर तिथंच वाद पेटला.

टोयोटाची जीआर ८६ बघा. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, मागे नावापुरत्या दोन सीटा, सगळं तसंच. वजन १२७५ किलोच्या आसपास. पाच क्विंटलचा फरक कुठून आला?

माझं मत स्पष्ट आहे. कूपे किती जड होणार हे ती कोणाच्या सांगाड्यावर (प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा खालचा मूळ ढाचा) उभी आहे त्यावर ठरतं. इंजिन, एसी, म्युझिक सिस्टिम हे नंतरचं. डॉज चॅलेंजर घ्या. तिचा सांगाडा मोठ्या सेडानच्या घरातला, चाकांमधलं अंतर २.९५ मीटर, लांबी पाच मीटरच्या वर. व्ही-एट घातली की १९०० किलोच्या आसपास जाते. शेव्हरोले कॅमॅरोची गोष्ट तर सरळ पुरावा आहे. २०१० ची कॅमॅरो ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या होल्डन सेडानच्या सांगाड्यावर होती. २०१६ ला तिला कॅडिलॅकच्या लहान एटीएस सेडानचा सांगाडा मिळाला आणि व्ही-एट असूनही सुमारे १०० किलो उतरले.

आपल्याकडे शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) दिवशी कोणी कापूस वाहायची बंडी जुंपत नाही, पटाची हलकी गाडी वेगळी असते. कार कंपन्या नेमकं बंडीलाच रंग देऊन पटात उतरवतात आणि पुन्हा वरून 'स्पोर्ट' असं लिहितात. मला हे पटत नाही.

नियम_आधी

बेंबळाभाऊ, तुम्ही सुरक्षा सोडूनच दिली. अमेरिकेत आधी गाडीच्या छपराने तिच्या वजनाच्या दीडपट भार सोसला तरी चालायचं. २००९ साली नियम बदलला आणि तो तिप्पट झाला. मग खांब जाड झाले, आत जास्त ताकदीचं पोलाद आलं. २०१२ पासून तिथली विमा कंपन्यांची संस्था गाडीचा फक्त एक कोपरा आदळून चाचणी घेते, त्यासाठी पुढचा भाग अजून भक्कम करावा लागला. कूपेत तर दार लांब. लांब दार म्हणजे जड बिजागऱ्या आणि आतली आडवी पट्टीही लांब. एअरबॅग, त्यांचे सेन्सर, वायरिंग हे आणखी वेगळं. आपल्याकडे भारत एनकॅप (गाडी आदळून सुरक्षेचे तारे देणारी चाचणी) ऑक्टोबर २०२३ पासून आहे आणि लोक आता तारे बघून गाडी घेतात.

समृद्धीवर रोज ये-जा करणाऱ्याला विचारा, त्याला हलकी गाडी पाहिजे की मजबूत.

बेंबळा_काठ

नियमदादा, मजबूत तर मलाही पाहिजे. पण जीआर ८६ त्याच अमेरिकेत, त्याच नियमात विकली जाते. २०२२ मध्ये तिला आणि तिची बहीण सुबारू बीआरझेडला तुम्ही म्हणता त्याच संस्थेचा सगळ्यात वरचा सुरक्षा दर्जा मिळाला. पावणेतेरा क्विंटलमध्ये. नियम सगळ्यांना सारखे असतील, तर पाच क्विंटलचा फरक नियमांच्या माथी कसा मारता?

डेंटिंग_दारव्हा

मी गॅरेजवाला मानूस, आमच्या बोलीतच लिहितो. हलकं म्हणजे अॅल्युमिनियम, हे कोनी बोलत नाही काहून? जीआर ८६ चं बॉनेट, पुढचे फेंडर, छप्पर अॅल्युमिनियमचं हाये. पोलादाचा पत्रा मी आतून डॉली (लोखंडी ठोकळा) लावून, बाहेरून हातोडी मारून सरळ करतो, गरज पडली तर गरम करतो. अॅल्युमिनियम तसं नाही ऐकत. ठोकत गेलं की ते कडक होते आन् चिरते. त्याची हत्यारं वेगळी ठेवा लागते, पोलादाचा बुरा त्यात घुसला त मग तिथून सडाले लागते. तालुक्याच्या गावी हे कोन करन? फेंडर फेकून नवा मागवा, झालं. आपल्या इकडं पोलादाची जड गाडीच बरी, असं माह्यं म्हननं हाये.

वऱ्हाडी_मेकॅनिकल

मी अमरावतीजवळच्या कॉलेजात यंत्र अभियांत्रिकी शिकवते. बेंबळादादांचं निम्मं बरोबर आहे, पण ताकदीचा हिशोब त्यांनी घाईत उडवून लावला.

जीआर ८६ चा टॉर्क (इंजिनचा फिरवणारा जोर) २५० न्यूटन-मीटर आहे. भारतात आलेल्या मस्टँग जीटीचा ५०० च्या वर. टॉर्क दुप्पट झाला की गिअरबॉक्सचे दाते, मागे जाणारा शाफ्ट, डिफरन्शियल, चाकांचे एक्सल सगळं जाड करावं लागतं. रेडिएटर मोठा, ब्रेकच्या डिस्क मोठ्या, त्यांना बसतील अशी चाकं मोठी. मोठी चाकं पेलायला सस्पेन्शनचे हात जाड. आता गाडी जड झाली, म्हणून पुन्हा ब्रेक वाढवा. एका ठिकाणी वाढलेला किलो असा दुसरीकडे आणखी वजन ओढून आणतो. उतरतानाही तसंच असतं, फक्त सुरुवात नकाशावरच करावी लागते.

१२० च्या वेगाने (समृद्धीची मर्यादा) १२७० किलोच्या गाडीत सुमारे ७०५ किलोज्यूल ऊर्जा असते, १७५० किलोच्या गाडीत ९७२. थांबताना ती सगळी ब्रेक आणि टायरलाच जिरवायची आहे. मे महिन्यात, ४५ अंशांत, तापलेल्या काँक्रीटवर हवा कमी असलेला टायर आधीच गरम असतो, त्यावर वजन जास्त. 'जड म्हणजे सुरक्षित' म्हणताना हेही मोजा, नियमदादा.

जीटीआर_पंखा

ताई, पण जड गाडी वेगवान नसते असं कुठे आहे? निसान जीटी-आर १७४० किलोची, तरी तिने भल्याभल्यांना मागे टाकलं. ती घडवणारे मिझुनो तर उघड सांगत की वजनामुळे टायर रस्त्याला दाबून धरतात.

वऱ्हाडी_मेकॅनिकल

टायर दाबला की पकड वाढते, हे खरं. पण वजन दुप्पट केलं तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. वळणावर गाडी आत ओढायला लागणारा जोर मात्र पुरा दुप्पट. जीटी-आर वेगवान आहे ती चारही चाकांना मिळणारी ताकद, रुंद टायर आणि धावताना गाडीला खाली दाबणारी हवा यांच्या जोरावर. त्याच वस्तूंनी दोन-तीन क्विंटल हलकी गाडी आणखी वेगाने गेली असती.

बेंबळा_काठ

ताई, ताकदीचा मुद्दा मान्य, पण शेव्हरोलेच्याच कॉर्व्हेटचं काय करायचं? २००८ नंतरच्या सी-६ मध्ये (कॉर्व्हेटची सहावी पिढी) ६.२ लिटरची व्ही-एट, ४३० अश्वशक्ती, टॉर्क मस्टँगपेक्षा जास्त. वजन १४६० च्या आसपास. कारण सांगाडा तिचा स्वतःचा, दोनच सीटा, बाहेरचं अंग कंपोझिटचं (तंतू मिसळलेलं प्लास्टिक).

उलट बीएमडब्ल्यू एम-२ बघा. आधीची एम-२ कॉम्पिटिशन १५५० किलोची. २०२३ ला नवी आली, थोरल्या एम-४ चं इंजिन आणि धुरे घेऊन, आणि १७०० वर गेली. धाकट्याला थोरल्याचा सदरा घातला तर असंच व्हायचं.

नियम_आधी

कॉर्व्हेट आणि मस्टँगची किंमत एक नव्हती, भाऊ. मस्टँगमध्ये मागे लेकरं बसतात, डिकीत सामान जातं, आणि तिथला नोकरदार माणूस ती घेऊ शकतो. स्वतंत्र सांगाडा बनवायचा खर्च काढायला तेवढ्या गाड्या खपायला हव्यात. तुमची आवडती जीआर ८६ तरी टोयोटाने एकट्याने कुठे बनवली? सुबारूसोबत मिळून, सुबारूच्या गुन्मा कारखान्यात. सांगाडा वाटून घेतला म्हणजे कंपनी आळशी, हे मला मान्य नाही. तसं नसतं तर एम-२ निघालीच नसती, आणि तुमच्या भाच्यालाही मस्टँग परवडली नसती.

बेंबळा_काठ

वाटून घ्यायला माझी ना नाही. दोघांनी मिळून घेतलेला तो सांगाडा लहान कूपेसाठीच काढलेला आहे, म्हणून तर पावणेतेरावर थांबला. मोठ्या सेडानचा कापून घेतला असता तर टोयोटाची गाडीही सोळा क्विंटलवर गेली असती.

पऱ्हाटी_पुसद

आमच्याकडची पोट्टे आता 'कूपे' म्हणजे टाटा कर्व्ह आन् महिंद्रा बीई ६ समजतात. चार दारं, मागं उतरतं छप्पर. बीई ६ मध्ये त ७९ किलोवॅट-तासाची बॅटरीही येते, तळाशी अंथरलेली. तिथं सांगाडा कोणाचा, हा प्रश्न उरते का? बॅटरीच सगळ्यात जड.

वऱ्हाडी_मेकॅनिकल

उरतो, पऱ्हाटीभाऊ. बॅटरीचं कवचच तिथे सांगाड्याची मजबुती वाढवतं, त्यामुळे ते नीट आखलं तर खालचं पोलाद वाचतं. जुन्या पेट्रोल गाडीच्या अंगात बॅटरी बसवली तर दोन्हींचं ओझं वाहावं लागतं. त्यावर वेगळा धागा काढा, मी आकडे घेऊन येते.